बिनफवारणीचा दाणा

माझ्या दुकानात आजवर हजारो माणसं काही ना काही मागायला आली. पण माझ्याकडून काहीच न नेणाऱ्या शेतकऱ्याचा पत्ता मागायला आलेला एकच, तो म्हणजे सुकलाल आप्पा.

शहाद्यात माझं खतं, बियाणं आणि औषधांचं दुकान आहे. पिकावर फवारायच्या विषाला आमच्या धंद्यात औषध म्हणतात. त्या दिवशी नुकतं शटर वर करून मी गणपतीला उदबत्ती ओवाळत होतो. तेवढ्यात खाकी शर्टातला, सत्तरीकडे झुकलेला एक उंच माणूस पायरी चढून आला. शर्टाच्या खिशात पेन असावं तिथे पाना होता. त्याने कपाटातल्या बाटल्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश पाहिल्या, काउंटरवर दोन्ही हात टेकले आणि विचारलं, "भाऊ, तुन्हा दुकानमाईन जो काहीच लेत नही, असा एखादा शेतकरी माले दखाड."

मला वाटलं, सकाळी सकाळी कुणीतरी फिरकी घेतोय. मी म्हणालो, "बाबा, जो काहीच लेत नही, तो मन्हा दुकानमा कसाले यी?"

"म्हनीसन ते तुले इचारस. गावमा कोन कवयच आजारी पडत नही, हाई डॉक्टरलेच ठाऊक ऱ्हास."

मी चहा मागवला. चहा पिता पिता कळलं ते असं: हे सुकलाल आप्पा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले मिस्तरी, माझ्या घरामागच्या गल्लीत नुकतंच घर घेतलेलं, परसात पंधरा कोंबड्या, आणि त्या कोंबड्यांसाठी त्यांना असं धान्य हवं होतं ज्याच्यावर ना फवारणी झाली ना ज्याला पोत्यातलं खत पडलं. कापूस, केळी आणि उसाच्या या मुलखात! मी हसलो. आप्पा हसले नाहीत. चहाचा कप ठेवून म्हणाले, "तू इख इकस, पन च्या चांगला पाजस." त्या दिवसापासून मी त्यांचा 'इखवाला भाऊ', म्हणजे विषवाला, झालो. दुकानात दहा शेतकरी बसलेले असोत, रस्त्यावरून जाता जाता आप्पा खणखणीत आवाजात विचारायचे, "काय इखवाला भाऊ, जेवन व्हयनं का?" माझ्या पाटीवर चार हात लांब अक्षरांत दुकानाचं नाव आहे, तीन रंगांत. ते आप्पांनी कधी वाचलं असेल असं मला वाटत नाही.

आप्पा जाऊन आता दुसरं वर्ष लागलं. माई, म्हणजे त्यांच्या पत्नी, मुलाकडे सुरतला गेल्या. मागच्या गल्लीतलं घर भाड्याने गेलं आणि परसात आता मोटारसायकली उभ्या असतात. पण मला अजूनही तिथून जाताना त्यांची हजेरी ऐकू येईल असं वाटतं. आप्पांनी कोंबड्यांना गाड्यांची नावं दिली होती. शिरपूर, तळोदा, धडगाव, सुरत, नाशिक जलद. संध्याकाळी खुराड्याच्या दाराशी उभे राहून ते एकेक आली तशी आत घ्यायचे आणि मोठ्याने बोलायचे, "धडगाव उनी. तळोदा उनी. सुरत आज बी लेट शे." अक्कलकुवा नावाची एक तपकिरी कोंबडी सारखी खुडूक व्हायची, तिला ते 'ब्रेकडाउन' म्हणत. कोंबडा एकच होता, त्याचं नाव साहेब. का, तर काम काही नाही आणि पहाटेपासून ओरडणं चालू.

आजारी कोंबडी ते कानाने ओळखत. डोळे मिटून तिला कानाशी धरायचे, जशी इंजिनाची धडधड ऐकतात तशी, आणि निदान सांगायचे, "हिन्हं फिल्टर चोक शे." मग लसणाची पाकळी, हळद, ताक. बहुतेक वेळा कोंबडी बरी व्हायची. न झाल्यास म्हणायचे, "मॉडेल जुनं व्हतं."

बिनफवारणीच्या दाण्याचं हे खूळ त्यांच्या डोक्यात कुठून आलं, असं मी एकदा माईंना विचारलं. माई म्हणाल्या, "याड शे ते. याडले कारन लागस का?" पण आप्पांना कारण होतं, आणि ते त्यांच्याच भाषेत होतं. जन्मभर डिझेलमध्ये हात घातलेला माणूस. कुणा ट्रकवाल्याने पैसे वाचवायला टाकीत रॉकेल मिसळलं आणि भर घाटात ट्रक बंद पडला, तेव्हा आप्पांनी तिथे जाऊन त्याचं इंजिन उघडलं होतं. ती गोष्ट ते इतक्यांदा सांगत की ट्रकचा नंबर सोडून मला सगळी पाठ झाली होती. शेवट ठरलेला असे: "टाकीमा जे टाकशी, तेच मांगून निंघी. माणूस खोटं बोलस, इंजिन नही." कोंबडीच्या बाबतीतही त्यांचं हेच म्हणणं. अंडं हे मागून निघणारं. मग पुढून काय गेलं, त्याची जबाबदारी मालकाची.

तर आम्ही शेतकरी शोधायला निघालो. 'आम्ही' म्हणजे मोटारसायकल माझी, पेट्रोल माझं, मागे बसून नाक वर करून वास घेणारे आप्पा. प्रकाशा गावाकडे एकाच्या बांधावर 'संपूर्ण सेंद्रिय शेती' असा सुबक बोर्ड होता. आप्पांनी बोर्डाकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ गोठ्यात गेले, खुंटीला टांगलेला फवारणीचा पंप काढला, झाकण उघडून नाक खुपसलं आणि मला हाक मारली, "भाऊ, तुन्हा दुकानना वास ई ऱ्हायना." त्या शेतकऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि मी आभाळाकडे. तो माझं नेहमीचं गिऱ्हाईक होता, फक्त मागच्या दाराने येणारा. सारंगखेड्याच्या बाजूलाही तेच. एक म्हातारा खरंच काही फवारत नव्हता, पण त्याच्या दोन्ही बाजूंना पपई होती आणि तिच्यावरची फवारणी वाऱ्याबरोबर याच्या ज्वारीवर. आप्पा खिन्न होऊन म्हणाले, "बिचारानं इंजिन चांगलं शे, पन धूर शेजारना खास."

मग त्यांच्या पुतण्याने मोबाइलवर शोधून पुण्याकडून एक पिशवी मागवली. कोंबड्यांचं प्रमाणपत्रवालं सेंद्रिय खाद्य. पिशवीवर हिरवं पान आणि हसरी कोंबडी. आप्पांनी भाव वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. "हाई भावमा मी कोंबड्यासले श्रीखंड-पुरी खावाडसू," म्हणाले. पिशवी संपेपर्यंत दाणे मोजून टाकल्यासारखे टाकले. कोंबड्यांनी ते इतक्या तुच्छतेने चिवडले की आप्पांना समाधान वाटलं. "दखं? त्यासले बी भाव कयना."

पेन्शन तुटपुंजी, मुलाकडून पैसे घ्यायचे नाहीत हा हट्ट. मुलगा फोनवर दर आठवड्याला सांगायचा, विकून टाका त्या कोंबड्या नाहीतर बाजारचं फीड घाला. आप्पा फोन माईंकडे द्यायचे. आणि मग या माणसाने परसात जे कारखाने काढले, ते बघायला गल्लीतली माणसं यायची. एसटीचा भंगारातला टायर आडवा चिरून त्याचं टाकं केलं आणि त्यात अझोला सोडला. पाण्यावर हिरवी साय धरावी तसं ते शेवाळ वाढायचं, रोज मूठभर कोंबड्यांना. कुंपणाला शेवगे लावले, पाला वाळवून चुरला. मडक्यात शेण आणि ओलं काड भरून ते वारुळावर उपडं ठेवायचे, दुसऱ्या दिवशी मडकं वाळवीने भरलेलं. ते पिलांपुढे झटकलं की अशी पंगत बसायची की बघत राहावं. मला म्हणाले, "तू ज्या किडा मारानं इख इकस, त्याच मी वाढी ऱ्हायनू. तुन्हा धंदा बुडाडसू मी."

पण वाळवी आणि पाला झाला तरी मुख्य दाणा लागतोच. पंधरा कोंबड्या काही उपास करत नाहीत. तो प्रश्न सुटला तो आठवडे बाजारात.

धडगावकडच्या डोंगरातून सायकीबाई नावाची एक पावरा आदिवासी बाई बाजाराला यायची. डोक्यावरच्या टोपलीत थोडी वाळलेली मोहाची फुलं, थोडी तेंदूची पानं, आणि स्वतःपुरता बांधून आणलेला छोट्या पांढऱ्या दाण्यांचा मका. आप्पांनी तो दाणा दाताखाली धरला आणि तिथेच बसकण मारली. मका विकशील का? नाही. ज्वारी? नाही. घरचं धान्य घरासाठी, तिच्याकडे ते विकायची रीतच नव्हती. किती भाव देऊ, असं आप्पांनी तीन प्रकारे विचारलं, तिने तीनदा मान हलवली. मी आपला सावलीत उभा राहून मजा बघत होतो. शेवटी बोलता बोलता कळलं की पावसाळ्यात मानमोडी येऊन तिच्या पाड्यातल्या कोंबड्या साफ मेल्या होत्या. आप्पा उठले ते थेट घरी गेले आणि खुडूक झालेली अक्कलकुवा, तिच्यासोबत भुशात ठेवलेली अकरा अंडी, असं डालगं घेऊन परत आले. "हाई ले. वाट्यावर. पिलं निंघनात का निम्मी तुन्ही, निम्मी मन्ही. मन्ही पिलं तूच ठेव, त्यासना बदलामा दर बाजारले दाना लई ये."

वाट्याने कोंबडी देणं ही आमच्याकडची जुनी रीत आहे, पण आपल्या वाट्याची पिलं समोरच्याकडेच ठेवून त्यांच्या बदल्यात धान्य घेणं, हे डोकं मिस्तरीचंच. सायकीबाईला व्यवहार पटला. तिने डालगं उचललं, कोंबडीच्या चोचीकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच हसली. अक्कलकुवाच्या जागी आप्पांनी एक नवी कोंबडी घेऊन पंधराचा आकडा पुरा केला. त्यानंतर दर बाजाराला त्यांच्या ओट्यावर एक गाठोडं यायचं. कधी मका, कधी ज्वारी, कधी डोंगरातली बारीक भगर. त्यात महिन्याभरात सोंडे व्हायचे, ती काळी बारीक कीड. मी तोंड वाकडं केलं की आप्पा खूश. "देख, किडासले बी आवडस. वरथून कोंबड्यासले फुकटनं मटन."

त्या दिवसांत त्यांच्या अंड्यांना पाच घरं ठरलेली होती. जास्त अंडी नसायचीच. टेलरची अंथरुणाला खिळलेली आई, एक शाळेतल्या बाई, अशी पाच. पाचवं घर माझं. कारण माझी मुलगी हर्षदा पहिल्या बाळंतपणाला संक्रांतीच्या सुमाराला माहेरी आली होती, रक्त कमी होतं आणि डॉक्टरांनी रोज अंडं सांगितलं होतं. आप्पा स्वतः यायचे. रुमालात गुंडाळलेलं कोमट अंडं तिच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "पोरी, आज शिरपूर उनी. डोंगरना दाना शे, मन्ही गॅरंटी." हर्षदाला आधी या प्रकाराचं हसू यायचं. नंतर ती खिडकीत वाट बघायला लागली. आप्पांनी तिला शब्द दिला होता: बाळ होईपर्यंत रोज एक, चोख दाण्याचं. इतर चार घरांनाही तोच शब्द.

आणि तेव्हाच दाणा आटला. डोंगरातली माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात, ती होळीला परततात. सायकीबाईने जाताना दोन मोठी गाठोडी ठेवली होती, ती संक्रांतीनंतर आठ दिवसांत संपत आली. एका दुपारी मी गेलो तर माई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मला बघून भडकल्याच. "दख भाऊ, आम्ही रेशनना तांदूळ खाई ऱ्हायनूत. घरनी ज्वारी कोठे ग्यी इचार. धडगावले अनं तळोदाले!" खरंच होतं. सायकीबाईच्या गाठोड्यांतून माईंनी घरासाठी बाजूला काढलेली ज्वारी होती थोडी, ती आप्पांनी कोंबड्यांना सुरू केली होती आणि स्वतः दोन वेळ भात. आप्पांना भात चालत नाही, साखरेचा आजार आहे, हे सगळ्या गल्लीला माहीत. मी बोललो तर म्हणाले, "गाडीले डिझेल पाहिजे. ड्रायव्हर च्यावर चालस."

मला ते बघवेना. खरंच सांगतो, त्या क्षणी माझ्या मनात फक्त माया होती. मी दुसऱ्याच दिवशी बाजार समितीत गेलो आणि दोन पोती मका घेतला. माझी अक्कल अशी की त्यातल्या त्यात उत्तम निवडला. टपोरा, पिवळाधमक, एकाही दाण्याला भोक नाही. गोदामवाल्याने मुद्दाम सांगितलं, वर्षभर किडणार नाही, कीडमार गोळ्यांची धुरी दिलेली आहे. मी खूश. साधी गोणपाटं आणून त्यात तो भरला आणि आप्पांना थाप मारली, की प्रकाशाला माझ्या मेव्हण्याने नदीच्या गाळात पेरलेला आहे, खत लागतच नाही तिथे, तुमच्यासाठी फुकट दिलाय. आप्पांनी एक दाणा उचलला, फिरवून पाहिला, माझ्याकडे पाहिलं. "तू सांगस ते खरं," म्हणाले. दुसऱ्याच्या पंपात नाक घालणाऱ्या माणसाने माझ्या पोत्यात नाक घातलं नाही. मला तेव्हाही काही वाटलं नाही. उलट, बघा कसं काम केलं, असंच वाटलं.

दोन महिने सगळं सुरळीत. आप्पा भाकरी खायला लागले, माई शांत झाल्या, कोंबड्या गुबगुबीत. हर्षदाचं अंडं रोज येत होतं. "मन्ही गॅरंटी" ऐकताना मी पेपर जरा वर धरायचो, एवढंच.

होळीच्या आधी चार दिवस आप्पांनी मला घरी बोलावलं. परसात खाटेवर बसले होते, पुढे ताटात मका पसरलेला. साहेब शेजारी मान वाकडी करून उभा.

"भाऊ," आप्पा म्हणाले, "दोन महिना व्हयनात. ह्या मक्कामा एक बी सोंडा का नही?"

आता इथे शहाण्या माणसाने सावध व्हायला हवं होतं. पण धंद्याने माझी जीभच तशी वळलेली. मी अभिमानाने म्हणालो, "माल चांगला शे, आप्पा."

"डोंगरना मक्काले महिनामा किडा लागस. तुन्हा मेव्हनाना मक्काले किडा बी भिस का?"

बिनकिडीचा दाणा म्हणजे चांगला दाणा, हे मी वीस वर्षं शेतकऱ्यांना सांगत आलो. पकडला जाईन तो त्याच्यावरूनच, हे मला सुचलं नव्हतं. दुसऱ्या कुणी फसवलं असतं तर निदान चार सोंडे असलेला मका आणला असता.

"बाजार समितीना शे," मी म्हणालो. "तुम्ही भात खाई ऱ्हायनात, माले दखायनं नही."

आप्पा रागावतील असं वाटलं होतं. ते ताटातले दाणे बोटाने इकडचे तिकडे करत राहिले. त्यांचा चेहरा उतरला होता आणि ते बघणं शिव्यांपेक्षा वाईट होतं. मग म्हणाले, "तू मन्हावर दया करी. ते ठीक. पन ज्या अंडं खातस, त्यासले कोनी इचारं? टाकीवर नाव मन्हं शे, भाऊ."

नंतर त्यांनी मला हाकलून दिलं नाही, की बोलणंही टाकलं नाही. फक्त काम काढलं. होळीला सायकीबाई परत आली तशी तिला निरोप गेला. ती दाण्याचं गाठोडं घेऊन आली, आणि जाताना डालग्यांमध्ये नऊ कोंबड्या घेऊन गेली, सगळ्या वाट्यावर. सुरत गेली, नाशिक जलद गेली. तळोदा आप्पांच्या हातातून दोनदा सुटली, पण त्यांनी मला पकडू दिली नाही. माईंनीच विचारलं, इतक्या कशाला देताय, दाणा तर आला आता. आप्पा म्हणाले, "ती दिवाळीले ठेवस तो दाना होळीलोंग साहा कोंबड्यासले पुरी, पंधरासले नही. जितलं डिझेल, तितल्याच गाड्या. हाई मी पहिलेच कराले पाहिजे व्हतं. माले पंधराना मोह व्हता." इतके दिवस मी त्यांना परवडत नाही म्हणून दाणा स्वस्त करायला बघत होतो. कोंबड्या कमी करायचं त्यांना सुचलं, मला नाही. आमच्या धंद्यात कमी करा असं कुणी सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खाकी शर्ट चढवला आणि म्हणाले, "चाल." कुठे ते सांगितलं नाही. मी समजलो. पाच घरं, आणि प्रत्येक दारात आता माझं नाव निघणार. बाजारपेठेतला माणूस मी, कानकोंडा होऊन त्यांच्या मागे चाललो होतो.

पहिलं दार टेलरचं. आप्पांनी हात जोडले आणि सांगितलं, की गेले दोन महिने दाणा चोख नव्हता, धुरीचा होता, तरी आपण अंडी चोख म्हणून दिली, आपल्याकडून भेसळ झाली. मन्हाकडथून, असं म्हणाले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. टेलर म्हणाला की आईला आता अंडी नकोत, बघू पुढे. आप्पांनी मान डोलवली. शाळेतल्या बाई समजूतदार. त्या म्हणाल्या, "अहो आप्पा, आम्हाला तर चवीत काही फरक कळला नाही."

"तुमले कयनार नही बाई," आप्पा म्हणाले, "म्हनीसनच सांगाले येनं पडनं."

चार दारं झाली. चारही ठिकाणी दोष त्यांचा. एका घरी तर त्या माणसाने चार शब्द सुनावले, की गॅरंटीच्या गप्पा सगळेच मारतात, आणि आप्पांनी ते उभं राहून ऐकून घेतलं. माझ्या तोंडाशी आलं होतं की हे माझं काम आहे. आलं आणि राहिलं. मी बोललो नाही. हे लिहितानाही मला त्याची लाज वाटते आहे.

पाचवं दार आलं, माझ्या घराचं. मला वाटलं इथेही ते हात जोडतील. ते ओट्यावर बसले, गुडघे चोळले आणि म्हणाले, "हाई घर तुन्हं शे. आठे तू बोल."

"आप्पा, तिचे दिवस भरत उनात. आते कसाले?"

"मी बठेल शे," एवढंच म्हणाले.

हर्षदा आत पाय पसरून बसली होती, पोटावर हात. मी उभ्यानेच सांगितलं, घाईघाईत, औषधाची माहिती सांगतो तसं. आप्पांना मी फसवलं, मका बाजारचा होता, तू रोज खाल्लेली अंडी त्याच मक्याची. त्याने तसं काही होत नसतं, सगळं गाव तेच खातं, हेही वर जोडलं. ती रागावेल, रडेल, आईला हाक मारेल असं वाटलं. तिने तसं काही केलं नाही. माझ्याकडे नीट पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "पप्पा, मला अजून काय काय सांगितलेलं नाही तुम्ही?"

दिवसभर शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं देणारा माणूस मी. किती मिली, किती पाण्यात, फवारणीनंतर किती दिवसांनी तोडा, म्हणजे काढणी. ते किती दिवसांनी, हे मी नेहमी हळू आवाजात सांगतो आणि गिऱ्हाईक ऐकत नाही, हे मला माहीत आहे. तोडा उद्यावर आलेल्या भेंडीला कोण काय नेतं, आमच्या घरी भाजी कुणाच्या वावरातून येते आणि का त्याच्याच वावरातून येते, हे सगळं मला माहीत आहे. घरात मी ते कधी बोललो नव्हतो. मी खुर्ची ओढली, तिच्यासमोर बसलो आणि सांगायला लागलो.

बाहेर आलो तेव्हा ऊन ओट्यावर चढलं होतं. आप्पा होते तिथेच बसले होते.

"इतला टाईम लागना?"

"सांगाले बरंच व्हतं, आप्पा."

ते सावलीकडे थोडे सरकले आणि शेजारी मला बसायला जागा करून दिली.